हाय टेन्शन लाइनपासून चाळीस मीटरवर घर घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूर शहराच्या कडेला एका नव्या वसाहतीत तुम्ही रो-हाउस बघितलंय. मागच्या बाजूने ११० केव्हीची (किलोव्होल्टची) हाय टेन्शन लाइन जाते आणि तिची जवळची तार तुमच्या मागच्या भिंतीपासून अंदाजे चाळीस मीटरवर आहे. समोर कोपऱ्यावर डीपी, म्हणजे गल्लीचा ट्रान्सफॉर्मर आहे, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीसमोरून गल्लीच्या उघड्या तारा गेल्यात. मुलगी पाच वर्षांची, तुम्हाला पुन्हा दिवस गेलेत, सासऱ्यांना पेसमेकर बसवलेला आहे. घर बघायला गेल्यावर सासूबाईंचं डोकं जड झालं. एका नातेवाइकांनी सांगितलं की अशा लाइनीजवळ राहिलं की कॅन्सर होतो. तुमच्या मिस्टरांनी मोबाइलवरच्या ॲपने चुंबकीय क्षेत्र मोजलं तर ४६ मायक्रोटेस्ला (हे त्या क्षेत्राचं एकक) आलं, आणि वाचनात मात्र ०.४ च्या पुढे धोका असं आलं. आता घर घ्यावं की टोकन सोडून द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी विद्युत अभियंता आहे. नोकरीची बहुतेक वर्षं अतिउच्चदाब वाहिन्यांच्या देखभालीत गेली, आता घरांची आणि कारखान्यांची विद्युत सुरक्षा तपासतो. तुमच्यासारखं कुणी बोलावलं की घरात जाऊन चुंबकीय क्षेत्र मोजून देतो. मी डॉक्टर नाही. आजारांबद्दल जे लिहितोय ते जागतिक आरोग्य संघटना आणि तिची कर्करोग संशोधन संस्था यांनी जे मांडलंय त्याच्या आधारावर. तारा, अंतर आणि मोजमाप यांबद्दल मात्र रोजच्या कामातून बोलतो.

तुमच्या एका प्रश्नात तीन-चार वेगवेगळे प्रश्न गुंतलेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. मुलांना पुढे आजार होईल का, हा एक. डोकेदुखी आणि पेसमेकर, हा दुसरा. आणि तिसरा तुम्ही विचारलेलाच नाही, तो म्हणजे गॅलरीसमोरच्या तारा आणि गच्ची. माझ्या दृष्टीने तुमच्या घरात जिवाला खरा धोका आहे तो तिसऱ्यात. पण आधी त्या ४६ आकड्याचा निकाल लावू, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते.

मोबाइलमध्ये जो चुंबकीय सेन्सर असतो तो होकायंत्रासाठी बसवलेला असतो. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, आणि ॲप तेच दाखवतं. शेजारी लोखंडी गेट किंवा स्लॅबमधली सळई असली की आकडा वर-खाली होतो. हाच मोबाइल घेऊन पन्हाळ्यावर किंवा रंकाळ्याच्या काठावर उभे राहा, तिथेही चाळीसच्या आसपासच येईल. ते क्षेत्र स्थिर असतं. विजेच्या तारेभोवतीचं क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं, आणि ०.४ चा जो आकडा तुम्ही वाचलात तो अशा बदलत्या क्षेत्राचा आहे. दोन्हींची तुलनाच होऊ शकत नाही. बदलतं क्षेत्र मोजायला तिन्ही दिशांचं एकत्र वाचन देणारा वेगळा मीटर लागतो. तो वापरतानाही एकक बघून घ्या. बरेच मीटर मिलिगॉसमध्ये दाखवतात आणि १० मिलिगॉस म्हणजे १ मायक्रोटेस्ला. मीटरवर ३ बघून लोक घाबरतात, प्रत्यक्षात ते ०.३ असतं.

आता लाइनीभोवती नेमकं काय असतं ते बघा. दोन क्षेत्रं असतात. विद्युत क्षेत्र व्होल्टेजमुळे तयार होतं. झाड, भिंत, पत्रा यांनी ते बऱ्यापैकी अडतं, त्यामुळे घराच्या आत त्याचा फार थोडा अंश येतो. ४०० केव्हीच्या लाइनीखाली हातातली ट्यूबलाइट अंधारात मंद पेटलेली दाखवणारे व्हिडिओ फिरतात, ते या क्षेत्रामुळे. चुंबकीय क्षेत्र मात्र तारेतून किती करंट वाहतोय त्यावर ठरतं, आणि ते विटांच्या भिंतीतून आरपार जातं. आरोग्याचा सगळा वाद या दुसऱ्या क्षेत्राभोवती आहे. म्हणून टॉवर किती उंच आहे किंवा पाटीवर किती केव्ही लिहिलंय यावरून फारसं काही कळत नाही. करंट किती, तारा एकमेकींपासून किती लांब, आणि तुम्ही तारांपासून किती लांब, या तीन गोष्टी कळल्या की अंदाज बांधता येतो.

तीन फेजच्या तारांमधले करंट एकमेकांना बरंचसं खोडून काढतात. त्यामुळे लांब जाल तसं क्षेत्र झपाट्याने घसरतं, अंतर दुप्पट केलं की साधारण चौथा हिस्सा उरतो. चुलीची धग जवळ सोसवत नाही आणि चार पावलं मागे सरलं की सुसह्य होते, तसंच काहीसं. तुमच्या लाइनीचा ढोबळ हिशोब मांडतो. समजा २०० ॲम्पियर करंट आहे आणि तारांमध्ये चार मीटरचं अंतर आहे. तारांच्या बरोबर खाली, जमिनीवर उभं राहिलं तर साधारण तीन मायक्रोटेस्ला. वीस मीटर बाजूला गेलं की अर्धा मायक्रोटेस्ला. चाळीस मीटरवर, म्हणजे तुमच्या मागच्या भिंतीशी, ०.१५ च्या आसपास. पुढच्या खोलीत आणखी कमी.

हा हिशोब परिस्थितीप्रमाणे बदलतो. भार वाढला की क्षेत्र त्याच प्रमाणात वाढतं. टॉवरवर दोन सर्किट, म्हणजे तीन-तीन तारांचे दोन संच असतील तर फेजचा क्रम कसा लावलाय यावर क्षेत्र वाढतं किंवा उलट कमीही होतं. उन्हाळ्यात तारा तापून झोळ वाढतो आणि त्या खाली येतात. आणि आपल्याकडे एक खास गोष्ट आहे, ती म्हणजे शेतीपंप. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा दुथडी भरून वाहत असते तेव्हा उसाला पाणी द्यायला कुणी मोटर चालू करत नाही, लाइनीवरचा भार उतरलेला असतो. फेब्रुवारी ते मे मध्ये चित्र उलटं. पावसाळ्यात एकदा मीटर फिरवून ‘काही नाही हो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका आणि एप्रिलच्या एका दुपारचा सगळ्यात मोठा आकडा धरून घाबरूही नका. संशोधनात जे आकडे वापरतात ते दिवसभराच्या सरासरीचे असतात. मी अशा घरात मीटर चोवीस तास पलंगाच्या जागी नोंद करत ठेवतो, आणि शक्य असेल तर भाराच्या मोसमात ठेवतो. शेतीची थ्री फेज वीज बऱ्याच ठिकाणी काही आठवडे दिवसा, काही आठवडे रात्री अशी दिली जाते, त्यामुळे रात्रीची नोंद हवीच.

आता कॅन्सरबद्दल. नातेवाइकांचं बोलणं हवेतून आलेलं नाही, आणि ते जसंच्या तसं खरंही नाही. सुरुवात १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात झाली. नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर या दोघांनी कॅन्सरने दगावलेल्या मुलांची घरं आणि इतर मुलांची घरं तपासली, आणि पहिल्या गटात जास्त करंटच्या तारांजवळची घरं जास्त आढळली. त्यांनी क्षेत्र मोजलं नव्हतं, तारांची मांडणी बघून अंदाज केला होता. त्यानंतर अनेक देशांत अभ्यास झाले. २००० साली नऊ अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासली गेली. त्यात घरातलं सरासरी क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा कमी असलेल्या मुलांमध्ये, म्हणजे अभ्यासातल्या ९९ टक्क्यांहून जास्त मुलांमध्ये, वाढीव धोका दिसला नाही. ०.४ च्या वर असलेल्या एक टक्क्याहूनही कमी मुलांमध्ये रक्ताच्या कॅन्सरचं, ल्युकेमियाचं, प्रमाण साधारण दुप्पट दिसलं. याच आधारावर २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा चुंबकीय क्षेत्राला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे’ या गटात टाकलं. संबंध दिसतो पण योगायोग, अभ्यासाच्या रचनेतला दोष किंवा तिसरंच काही कारण नाकारता येत नाही, तेव्हा हा गट वापरतात. प्रौढांच्या कॅन्सरबाबत आणि मुलांच्या इतर कॅन्सरबाबत तेवढाही पुरावा नाही.

दुप्पट हा शब्द ऐकला की आईच्या पोटात गोळा येतो, ते मी समजू शकतो. पण कशाच्या दुप्पट ते बघायला हवं. पंधरा वर्षांखालच्या एक लाख मुलांमध्ये वर्षाला साधारण तीन ते पाच मुलांना ल्युकेमिया होतो. संबंध पूर्ण खरा मानला तरी ०.४ च्या वर राहणाऱ्या लाख मुलांमध्ये तो सहा ते दहा होईल. म्हणजे तिथेही लाखातल्या नव्याण्णव हजार नऊशे नव्वद मुलांना त्या वर्षी काही होणार नाही. आणि तुमच्या घराचा ढोबळ हिशोब तर ०.४ च्या खाली येतोय.

संबंध पूर्ण खरा आहे का, याबद्दल मला स्वतःला शंका का वाटते तेही सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६२ ते १९९५ या काळातल्या मुलांचा मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जन्माच्या वेळी लाइनीपासून २०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांमध्ये ल्युकेमिया जास्त होता. पण २०० ते ६०० मीटरवर राहणाऱ्यांमध्येही थोडा जास्त निघाला. एवढ्या अंतरावर लाइनीचं क्षेत्र घरातल्या नेहमीच्या क्षेत्रात हरवून जातं. मग तिथे कारण चुंबकीय क्षेत्र कसं असेल? पुढे २०१४ मध्ये त्याच कामात नंतरच्या वर्षांची भर घातली तेव्हा दिसलं की वाढीव प्रमाण सुरुवातीच्या दशकांमध्येच होतं, १९८० च्या दशकानंतर ते उरलं नाही. तारांमधली वीज काही बदलली नव्हती. लाइनीजवळ राहणारी माणसं, त्यांचं राहणीमान, वस्तीतली ये-जा, असं काहीतरी बदललं असावं. प्रयोगशाळेत प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतूनही कॅन्सरला ठोस आधार मिळालेला नाही. एक्स-रेमध्ये पेशीतला डीएनए थेट तोडण्याइतकी ऊर्जा असते, ५० हर्ट्झच्या क्षेत्रात त्याच्या जवळपासही जाईल एवढी नसते.

तरीही मी ‘काहीच नाही, बिनधास्त राहा’ असं म्हणणार नाही. ज्या गोष्टीवर शास्त्रज्ञांनी शक्यतेची खूण ठेवलीय, ती खर्च न करता कमी करता येत असेल तर जरूर कमी करावी. नेदरलँड्स सरकारने २००५ मध्ये स्थानिक संस्थांना सल्ला दिला की वर्षाची सरासरी ०.४ च्या वर जाईल अशा पट्ट्यात नवी घरं आणि शाळा होऊ देऊ नका. ती खबरदारी आहे. ०.३९ वर सुरक्षित आणि ०.४१ वर आजार अशी रेघ कुठेच नाही, संशोधकांनी गट पाडायला घेतलेला तो आकडा आहे. आंतरराष्ट्रीय मर्यादा तर फार वर आहे, सामान्य लोकांसाठी १९९८ मध्ये १०० मायक्रोटेस्ला आणि २०१० च्या सुधारणेनंतर २००. ती शरीरात करंट निर्माण होऊन होणाऱ्या ताबडतोबीच्या परिणामांसाठी ठरवलेली आहे, दीर्घकाळच्या आजारांसाठी नाही. काही जण हीच मर्यादा दाखवून सगळे प्रश्न उडवून लावतात, ते मला पटत नाही. तुमचा प्रश्न दीर्घकाळाचा आहे.

गरोदरपणाबद्दल तुम्ही खास विचारलंय. काही अभ्यासांनी जास्त चुंबकीय क्षेत्र आणि गर्भपात यांचा संबंध सुचवला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या आढाव्यात हा पुरावा अपुरा ठरवला. चाळीस मीटरवरच्या लाइनीमुळे बाळाला काही होईल असं मानायला आधार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, तपासण्या, रक्तदाब यांकडे लक्ष असू द्या. या काळजीने तुमची झोप जात असेल तर तेच तुमच्या डॉक्टरांना आधी सांगा.

सासूबाईंचं डोकं दुखलं हे खोटं नाही, दुखलंच असणार. पण ज्यांना असा त्रास होतो अशा लोकांवर क्षेत्र चालू की बंद हे न सांगता प्रयोग झालेत, आणि क्षेत्र चालू असल्याचं त्यांना ओळखता आलेलं नाही. त्रास खरा, कारण दुसरं. नव्या घरातला रंगाचा आणि पॉलिशचा वास, बंद खिडक्या, उन्हातून आलेलं दमलेलं शरीर, चष्म्याचा नंबर, रक्तदाब, हे आधी बघा. लाइनीचा आवाज हेही एक कारण असू शकतं. पावसात किंवा दाट धुक्यात तारा आणि इन्सुलेटर चर्रर्र आवाज करतात, हवा थोडी विजेरी होते म्हणून. ११० केव्हीवर हा आवाज कमी असतो, पण रात्री शांततेत जाणवतो आणि काहींना त्याने झोप लागत नाही. म्हणून सौदा करण्याआधी एकदा पावसात, रात्री दहानंतर मागच्या खोलीत अर्धा तास बसून या. हे कुठल्याही मीटरवर कळत नाही.

सासऱ्यांच्या पेसमेकरसाठी चाळीस मीटरवरची लाइन अडचणीची नाही. लाइनीच्या बरोबर खाली उगाच रेंगाळू नये एवढं पथ्य पुरे. तरी पेसमेकरचं कार्ड घेऊन त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारा, कारण प्रत्येक मॉडेलच्या सूचना वेगळ्या असतात. आणि त्यांना वेल्डिंग मशिनपासून लांब ठेवा. गल्लीत ग्रिलचं काम चालू असतं तिथे वडीलधारी माणसं गप्पा मारत उभी राहतात, त्या वेल्डिंगच्या केबलमधून शेकडो ॲम्पियर जात असतात.

यावरून आठवलं म्हणून सांगतो. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसवर, म्हणजे विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीवर काम करणारी कितीतरी माणसं मला घराजवळच्या लाइनीबद्दल विचारतात. फर्नेसच्या कॉइलशी आणि जाड केबलशी पाळीभर उभं राहणाऱ्या माणसाला मिळणारं क्षेत्र कुठल्याही लाइनीजवळच्या घरापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. तुमच्या मिस्टरांचं काम तशा ठिकाणी असेल तर पॅनलची आणि केबलची जागा, उभं राहायची जागा, याबद्दल कारखान्यात बोलायला हवं, ते जास्त उपयोगाचं आहे.

आता घराच्या समोरच्या बाजूला या. तुम्ही लिहिलंत की समोर ‘साधा डीपी आणि लहान तारा’ आहेत. त्या लहान तारा गॅलरीपासून दोन मीटरवर असतील, त्यातून ५० ॲम्पियर जात असेल आणि दोन तारांमध्ये फूटभर अंतर असेल, तर गॅलरीत एक मायक्रोटेस्लाच्या पुढे आकडा येतो. म्हणजे मागच्या ११० केव्हीपेक्षा समोरची गल्लीतली लाइन तुमच्या घरात जास्त क्षेत्र देऊ शकते. लोकांना हे खरं वाटत नाही, मग मी मीटर त्यांच्याच हातात देतो आणि घरभर फिरायला सांगतो. डीपीचं क्षेत्र चार-पाच मीटरवर गेलं की फार थोडं उरतं.

घराच्या आतही बघा. मेन स्विचबोर्डच्या मागच्या भिंतीला पलंगाची उशी टेकवू नये, पलंग दुसऱ्या भिंतीला घ्यावा. फ्रिज किंवा इन्व्हर्टर आणि मुलीचा पलंग यांच्यात फक्त एक भिंत असेल तर तेही हलवावं. यात पैसा लागत नाही. मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर यांच्या अगदी जवळ क्षेत्र मोठं असतं, पण ते थोडा वेळ चालतात आणि हातभर अंतरावर आकडा कोसळतो, त्यामुळे त्यांची चिंता करू नका. वायरिंगमधला दोष मात्र शोधण्यासारखा असतो. जिन्यातल्या दोन स्विचच्या दिव्याला फेज एका मजल्यावरून आणि न्यूट्रल दुसऱ्या मजल्यावरून दिलेला असतो, किंवा न्यूट्रल आणि अर्थिंग कुठेतरी एकत्र जोडलेलं असतं. मग जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडत नाहीत आणि अख्ख्या खोलीत क्षेत्र वाढतं. हा दोष काढला की क्षेत्रही उतरतं आणि शॉकचा धोकाही जातो. चांगल्या वायरमनला हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. शॉक लागू लागला की पुरवठा तोडणारी आरसीसीबी बसवली नसेल तर तेव्हाच बसवून घ्या. मुलं लहान आहेत.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. कामाच्या निमित्ताने तारांजवळचे अपघात बघितले ते स्पर्शाचे, क्षेत्राचे नाही. गच्चीवर टाकीची लोखंडी पाइप उभी करताना, पत्र्याचं शेड टाकताना, गॅलरीतून ॲल्युमिनियमच्या काठीने पडदा काढताना, तारेत अडकलेला पतंग ओढताना, गणपतीच्या मंडपाचे बांबू उभारताना. ११ केव्हीच्या तारेला हात लागावाच लागत नाही, ओली काठी किंवा लोखंडी सळई जवळ गेली तरी ठिणगी उडी मारते. चाळीस मीटरवरच्या लाइनीला घाबरून जी माणसं घर सोडतात, तीच दुसऱ्या घरात गॅलरी पुढे वाढवून गल्लीच्या तारेपर्यंत नेतात. हे बघून फार वाईट वाटतं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम यात स्पष्ट आहेत. घराला वीज देणाऱ्या गल्लीच्या कमी दाबाच्या तारा इमारतीपासून आडव्या किमान १.२ मीटर आणि गच्चीच्या वर किमान २.५ मीटर हव्यात. ११ केव्हीला आडवं अंतर १.२ आणि वरचं ३.७ मीटर. ११० केव्हीला आडवं २.९ आणि वरचं ४.६ मीटर. हे अंतर तारेचा जास्तीत जास्त झोळ आणि वाऱ्याने होणारी हेलकाव्याची जागा धरून मोजायचं असतं, सकाळी शांत हवेत दिसतं तेवढं धरून नाही. शिवाय ११० केव्हीच्या लाइनीखाली एकूण २२ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो, मध्यापासून दोन्हीकडे अकरा-अकरा. तुमचं घर त्याच्या पुष्कळ बाहेर आहे, मागच्या बाजूने काळजी नाही.

गॅलरीसमोरचं अंतर मात्र मोजून घ्या. स्वतः टेप धरून नाही! महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, त्यांचा माणूस येऊन मोजेल. अंतर कमी असेल तर तारा सरकवून देण्याची किंवा उघड्या तारांच्या जागी एबी केबल टाकण्याची मागणी करा. ती इन्सुलेशन असलेली, पिळलेली केबल असते. चुकून स्पर्श झाला तरी जीव जायची भीती खूप कमी होते, आणि पिळलेली असल्याने चुंबकीय क्षेत्रही जवळजवळ संपतं. वसाहतीतल्या सगळ्यांनी मिळून अर्ज केला तर काम लवकर हलतं. दाद मिळाली नाही तर विद्युत निरीक्षक कार्यालयात तक्रार करता येते.

घराबद्दल माझं मत विचारलंत तर मागच्या लाइनीसाठी हे घर नाकारायचं कारण मला दिसत नाही. हेच घर तारांपासून दहा-पंधरा मीटरवर असतं, तर मी आधी चोवीस तासांची नोंद घ्यायला लावली असती आणि सरासरी ०.४ च्या वर आली तर लहान मुलं असताना दुसरं बघा म्हटलं असतं. तुमच्या बाबतीतही नोंद घेतलीत तर मनाची रुखरुख जाईल. खर्च फार नाही आणि करार होण्याआधी बिल्डर अडवत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, पुढे विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्यालाही तुमच्यासारखीच भीती वाटणार आहे, म्हणून भावात आत्ताच घासाघीस करा.

करारापूर्वी तीन गोष्टी बघा. मंजूर नकाशात ही ११० केव्हीची लाइन दाखवलीय का, हे पहिलं. तुमची वसाहत महापालिका हद्दीत असेल तर नगररचना विभागात आणि आजूबाजूच्या गावांपैकी असेल तर त्या भागाच्या विकास प्राधिकरणाकडे तो मिळेल. दुसरं, गॅलरी मंजूर नकाशाइतकीच आहे का, की बांधताना पुढे सरकवलीय. पुढे सरकवलेली असेल तर तारांचं अंतर कमी झाल्याची जबाबदारी उद्या तुमच्यावर येते, महावितरण हात वर करेल. तिसरं, अशा मोठ्या लाइनीचं काम महापारेषण या सरकारी कंपनीकडे असतं, तेव्हा तिथे नव्या सर्किटची किंवा जास्त क्षमतेच्या तारांची योजना आहे का ते त्यांच्या कार्यालयात विचारून घ्या, कारण माझा वरचा सगळा हिशोब २०० ॲम्पियर धरून केलेला आहे. गॅलरीचं उत्तर ‘नंतर बघू’ असं आलं, तर तारा हलेपर्यंत शेवटचा हप्ता रोखून ठेवायची अट करारात लिहून घ्या.